कुंडीतल्या मिरचीला खत किती?

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावर इतिहासावर, संतांवर, आरोग्यावर बोललं जातं. या खेपेला मंडळानं आम्हाला सांगितलं, घरच्या बागेवर काहीतरी बोला. आमचं शिक्षण शेतकी पदविकेपर्यंतचं. राज्य सरकारच्या नोकरीत आमचे दिवस शेतकऱ्यांच्या बांधावर जातात, भाषणाची फारशी सवय नाही. म्हणून ज्याचा चोख हिशेब मांडता येईल असा छोटा विषय निवडला आहे. घरी लावलेल्या मिरचीच्या झाडाला खत किती घालायचं?

बेळगावात मिरचीची ओळख करून द्यायला नको. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची म्हटली की रंगाला ब्याडगी आणि तिखटाला जवारी, हे गणित आपल्या प्रत्येक घरात पाठ आहे. ब्याडगी गाव हावेरी जिल्ह्यातलं, त्या मिरचीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं. संकेश्वर तर आपल्याच जिल्ह्यात. पूर्वी घरामागं परडं असायचं, त्यात कढीपत्ता, आळू आणि चार मिरचीची झाडं असायची. त्यांच्या खताचा विचार कुणी करत नव्हतं. भांड्याचं पाणी, चुलीची राख, गोठ्यातलं शेण यावरच ती वाढायची. आता परडी गेली, अपार्टमेंटं आली, आणि मिरची गच्चीवरच्या कुंडीत येऊन बसली. तिथून हा प्रश्न सुरू झाला.

लोक आम्हाला बाजारात, लग्नात, अगदी बारशातसुद्धा गाठून विचारतात, "मिरचीला फुलं येतात आणि गळतात, काय घालू?" "पानं वळली आहेत, काय घालू?" "झाड माझ्या खांद्याला लागलं, पण मिरची एक नाही, काय घालू?" आम्ही उलट विचारतो, "आतापर्यंत काय काय घातलंय?" मग यादी सुरू होते. गावाकडून भाऊबंदांनी दिलेल्या पिशवीतला युरिया, एक मूठ. दुकानदारानं दिलेलं टॉनिक. केळीच्या सालींचं पाणी, अंड्याची टरफलं, चहाचा चोथा. कुणीतरी मोबाइलवर पाठवलं म्हणून ताक. हे सगळं एकाच बारा इंची कुंडीत! झाड बिचारं उपाशी नसतं, त्याला अजीर्ण झालेलं असतं.

आता हिशेब मांडू. ज्यांच्याकडे कागद-पेन्सिल आहे त्यांनी आकडे लिहून घ्यावेत.

ओलिताच्या मिरचीला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश ही शिफारस महाराष्ट्रात रूढ आहे. याखेरीज लागवडीआधी हेक्टरी २० ते २५ टन शेणखत. दोन ओळींत आणि दोन झाडांत ६० सेंटीमीटर अंतर धरलं, तर एका हेक्टरात सुमारे २७,७०० झाडं बसतात. शंभर किलो नत्र तेवढ्या झाडांत वाटा. एका झाडाच्या वाट्याला साडेतीन ग्रॅमच्या किंचित वर येतं. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे झाले सुमारे आठ ग्रॅम युरिया. चहाच्या छोट्या चमच्यानं मोजलं तर सपाट दोन चमचे. आणि लक्षात ठेवा, हा एका वेळचा डोस नव्हे. रोप लावल्यापासून शेवटचा तोडा होईपर्यंतचा, म्हणजे पूर्ण हंगामाचा हा वाटा आहे. शेतकरी तोही दोन-तीन हप्त्यांत देतो.

स्फुरदाचंही तसंच. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के. झाडामागे हिशेब अकरा ग्रॅमचा, म्हणजे पुन्हा सपाट दोनच चमचे. पालाश म्युरेट ऑफ पोटॅशमधून दिलं तर अवघे तीन ग्रॅम. शेणखत मात्र झाडामागे जवळजवळ एक किलो.

आता आपली मूठ बघा. मोठ्या माणसाच्या मुठीत चाळीस-पन्नास ग्रॅम युरिया सहज मावतो. म्हणजे पाच-सहा झाडांचा अख्ख्या हंगामाचा घास आपण एका झाडाला एका सकाळी भरवला.

आणि हा हिशेब शेतातला झाला. शेतात त्या झाडाला हातपाय पसरायला जागा असते. साठ बाय साठ सेंटीमीटर जागा आणि वीतभर खोली धरली तरी मुळांच्या भोवती सत्तर लिटर माती येते. आपल्या बारा इंची कुंडीत मावते पंधरा लिटरच्या आसपास, म्हणजे पाचवा हिस्सा. तोच चमचा कुंडीत पाचपट तिखट लागतो. खत हे शेवटी एक प्रकारचं मीठ आहे. मातीतल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढलं की मुळाला पाणी ओढता येत नाही, उलट मुळातलंच पाणी बाहेर ओढलं जातं. कैरीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं, तसंच हे. पानांच्या कडा तपकिरी होऊन जळतात, झाड भर पाण्यात मान टाकतं, आणि आपण म्हणतो, पाणी कमी पडलं वाटतं.

काही झाडं इतकं खाऊनही जगतात. त्यांचं काय होतं? नत्र हे पानाचं खत आहे. ते जास्त झालं की झाड काळपट हिरवं होतं, फांद्या लुसलुशीत वाढतात, पानं तळहाताएवढी होतात. बघणारा म्हणतो, काय झाड आहे! पण झाडाचा सगळा जोर पालवीवर जातो, फुलं कमी येतात आणि आलेली टिकत नाहीत. त्यात कोवळी, रसाळ पालवी म्हणजे मावा, फुलकिडे आणि कोळी यांना आवतणच. मग पानं वळतात, ज्याला आपण चुरडा-मुरडा म्हणतो. घरातले घाबरून आणखी खत घालतात. हे चक्र ओळखून थांबवलं तर बरीचशी झाडं आपोआप सावरतात.

पान वळण्याचं कारण भूक नसतं, हे इथं स्पष्ट सांगतो. पानाच्या कडा वर वळून होडीसारखं पान झालं, तर बहुतेक फुलकिडे असतात. कडा खाली वळून होडी उपडी झाल्यासारखं दिसलं, तर कोळी. पान बारीक, चुरगळलेलं, पिवळट होऊन झाडच खुजं राहिलं, तर पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू असतो. त्या झाडाला कुठलंही खत उपयोगी पडत नाही. ते उपटून टाकावं, म्हणजे शेजारची वाचतात. फुलकिडे आणि कोळी यांच्यासाठी पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा जोरदार फवारा, आणि आठवड्यानं निंबोळी तेलाची फवारणी, एवढ्यावर सुरुवात करावी.

फुलगळीचंही बघा. कडक उन्हाळ्यात पारा ३५ अंशांच्या वर गेला की मिरचीची फुलं गळतात. सतत ढग असले, मुळाशी पाणी साचलं, किंवा आज कोरडं आणि उद्या चिखल असं पाणी दिलं, तरी गळतात. यावर खत घालून इलाज होत नाही. फळाच्या टोकाला काळा खोलगट डाग पडतो, त्याला चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची कमतरता म्हणतात ते खरं. पण बहुतेक वेळा मातीत चुना असतो, पाणी अनियमित दिल्यामुळे तो फळापर्यंत पोचत नाही. अंड्याची टरफलं कुजायला फार काळ लागतो, या हंगामाच्या फळाला त्यांचा उपयोग नाही. पाणी वेळेवर द्या, डाग थांबतो.

मग खरी भूक ओळखायची कशी? खालची, जुनी पानं आधी फिकट होऊन एकसारखी पिवळी पडू लागली आणि झाडाची वाढ थांबली, तर ती नत्राची भूक. आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या पावसात उघड्या गच्चीवर हे हमखास होतं, कारण पाऊस कुंडीतलं नत्र धुऊन नेतो. जुनी पानं हिरवी असून वरची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं तर ती लोहाची तक्रार. त्यात बहुतेक वेळा कुंडीत पाणी तुंबलेलं असतं. आधी तळाचं भोक तपासा.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो.

कुंडी भरताना दोन भाग तांबडी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, आणि अर्धा भाग कोकोपीट किंवा जाड वाळू घ्यावी. बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड आणि दोन सपाट चमचे सुपर फॉस्फेट मातीत नीट मिसळावं. मुठीनं मोजायला आम्ही परवानगी देतो ती एवढ्या पेंडीपुरतीच. भरलेली कुंडी पंधरा दिवस ओलसर ठेवावी आणि मग रोप लावावं. ताजं शेण घालू नये, ते कुजताना मुळं भाजतात आणि हुमणीही लागते. या एका कुंडीत अडीच-तीन किलो खत गेलं. शेणखतात नत्र अर्धा टक्का धरलं, आणि त्यातला चौथा हिस्साच पहिल्या हंगामात झाडाला मिळाला असं मानलं, तरी तीन-साडेतीन ग्रॅम झालं. म्हणजे शेतातल्या झाडाला वरखतातून जेवढं नत्र देतो, जवळपास तेवढं कुंडी भरतानाच आत गेलं. पुढं आपण द्यायचं ते पाण्याबरोबर वाहून गेलेल्याची भरपाई म्हणून.

रोप लावल्यावर पहिले तीन आठवडे काहीही घालायचं नाही. मुळं धरू द्यावीत.

त्यानंतर दोन रस्ते आहेत. पहिला गांडूळखताचा. दर तीन आठवड्यांनी आमटीची एक वाटी गांडूळखत खोडापासून चार बोटं दूर पसरावं, माती हलवावी आणि पाणी द्यावं. एवढ्यावर बहुतेक घरांत रासायनिक खताची गरज पडत नाही. दुसरा रस्ता विद्राव्य खताचा. १९:१९:१९ नावाचं खत मिळतं, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारखंच. एक लिटर पाण्यात दोन ग्रॅम, म्हणजे सपाट अर्ध्या चमच्याहून किंचित कमी. हे पाणी एका कुंडीला एक पेला, पाव लिटर, दर दहा-बारा दिवसांनी. एक लिटरमध्ये चार कुंड्या होतात. कळ्या दिसू लागल्या की १९:१९:१९ थांबवून त्याच मापानं १३:०:४५ द्यावं, कारण फुला-फळाला पालाश लागतं. माती कोरडी असताना हे पाणी कधीही घालू नये. आधी साधं पाणी, मग खताचं. आणि दोन रस्त्यांपैकी एकच धरावा, दोन्ही एकदम नको.

कुंडीत युरिया नकोच. चुलीची राख कुणाकडे असेल तर महिन्यातून एक चमचा चालेल, त्यात पालाश असतं. पण राख अल्कधर्मी आहे, रोज टाकू नका. आणि ज्यांनी हे भाषण ऐकायच्या आधीच मूठ रिकामी केली आहे, त्यांनी मातीवरचा खताचा थर खरवडून काढावा, आणि कुंडीतल्या मातीच्या दुप्पट-तिप्पट साधं पाणी सावकाश ओतून तळातून वाहू द्यावं. महिनाभर दुसरं काही घालू नये. मुळं मेली नसतील तर नवी पालवी येते. मात्र हे वाहिलेलं पाणी कुठं जातं, याचाही विचार करायला हवा, आणि त्याबद्दल आता जरा गंभीरपणे बोलायचं आहे.

आपल्या गावात जुन्या घरांच्या परड्यात अजून आड आहेत. नळाला पाणी नसेल त्या दिवशी आपण त्याचंच पाणी काढतो. युरियातलं नत्र मातीत नायट्रेट होतं, आणि नायट्रेट पाण्याबरोबर खाली उतरतं, मातीला चिकटून राहत नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा आपल्या देशात लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. आता हिशेब बघा. एक किलो युरियातलं सगळं नत्र नायट्रेट होऊन पाण्यात उतरलं, तर ४५ हजार लिटर स्वच्छ पाणी त्या मर्यादेला पोचतं. दहा फूट व्यासाच्या आडात पंधरा फूट पाणी असलं तर ते तेहेतीस हजार लिटरच्या आसपास भरतं. सगळंच नत्र खाली जात नाही, काही झाड घेतं, काही हवेत उडतं. तरीही आडाच्या कठड्याशी दहा-बारा झाडं लावून त्यांना महिन्या-दोन महिन्यांनी मूठ-मूठ युरिया घालणारं घर वर्षाला दोन-तीन किलो सहज ओततं.

मोठ्या माणसाला याचा लगेच त्रास होत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला होतो. त्याच्या बाटलीच्या दुधात असं पाणी गेलं तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळसर पडू शकतं. आणि यातली गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, ती म्हणजे पाणी उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि नायट्रेटचं प्रमाण उलट वाढतं. त्यामुळे ज्या घरात आड आहे आणि पाळणाही हलतो आहे, त्या घरच्या आजी-आजोबांना आमची हात जोडून विनंती आहे. आडाजवळ युरिया वापरू नका, खताचं पोतं आडाच्या कट्ट्यावर ठेवू नका, आणि पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या. बाळासाठी तोवर दुसरं खात्रीचं पाणी वापरा.

काही जण विचारतील, खत कमी केलं तर मिरची कमी तिखट होईल का? तिखटपणा मुख्यतः जातीवर असतो. तो बियांत नसतो, बिया ज्याला चिकटतात त्या आतल्या पांढऱ्या पडद्यात असतो. कितीही खत घाला, ब्याडगीची संकेश्वरी होणार नाही. उलट घरच्या जातीचं बी टिकवायचं असेल, तर बेताचं खाल्लेलं निरोगी झाड हवं. त्याच्यावरच्या चार उत्तम मिरच्या झाडावरच पूर्ण लाल होऊ द्याव्यात, सावलीत वाळवाव्यात, आणि बी कागदी पुडीत नाव-तारीख घालून ठेवावं. काही घरांत गावाकडून सासूबाईंनी आणलेलं बी अजून चालत आलेलं आहे. ते बाजारात पैसे देऊन मिळत नाही, एका मुठीच्या घाईनं ते घालवू नये.

शेवटी उत्सवाशी जुळणारी एक गोष्ट. या दहा दिवसांत आपल्या मंडळात आणि घरोघरी दूर्वा, जास्वंद, झेंडू, शेवंती, पत्री यांचे ढीग जमतात. ते पिशवीत बांधून तलावात सोडण्यापेक्षा त्याचं खत करावं. हारांचा दोरा, जरी, प्लास्टिक, थर्मोकोल आधी वेगळं काढावं. भोकं पाडलेल्या पिंपात एक थर निर्माल्य आणि दोन थर वाळका पाला, असं भरत जावं. ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी, आणि आठवड्यातून एकदा खालीवर करावं. दूर्वा मात्र कडकडीत वाळवूनच टाकाव्यात. दूर्वा म्हणजे हरळी, ओली टाकलीत तर पुढच्या वर्षी मिरचीऐवजी तीच उगवेल, आणि मग गणपतीला दूर्वा विकत आणायला नकोत एवढाच फायदा! भाद्रपदात भरलेलं पिंप मार्गशीर्षापर्यंत तयार होतं. तपकिरी, भुसभुशीत आणि मातीचा वास येणारं झालं की समजावं, झालं. उन्हाळी मिरचीची रोपं जानेवारीत करतात, त्याच्या आधी खत हातात येतं.

आमची मंडळाला एवढीच सूचना आहे की मांडवामागं दोन पिंपं ठेवावीत. सभासदांनी आपापलं निर्माल्य आणून टाकावं, मुलांनी ते हलवायची पाळी वाटून घ्यावी, आणि संक्रांतीला तिळगूळ देताना प्रत्येक घराला एक पिशवी खत आणि एक मिरचीचं रोप द्यावं. सोबत एक चहाचा छोटा चमचाही द्यावा. खत मोजायला तेवढा पुरतो.

 ज्यांच्या झाडाला काही तक्रार असेल त्यांनी पानं सोबत आणली असतील तर प्रसाद घेऊन झाल्यावर दाखवावीत. आम्ही इथंच आहोत.

गणपती बाप्पा मोरया!